मुलाच्या दाताला मार लागला तर: पहिल्या अर्ध्या तासात आणि त्यानंतर काय करावे

तोंडाला मार लागलेले मूल समोर आले की मोठ्या माणसाचे लक्ष आधी रक्ताकडे जाते. ओठ आणि हिरड्या यांना रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे लहानशी जखमही सदरा भिजवते आणि त्या धांदलीत दाताकडे पाहायचे राहून जाते. ओठाची साधी जखम बहुधा आठवडाभरात भरून येते. समोरचा पक्का दात कायमचा गेला तर मात्र त्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा कृत्रिम दात, बसवण्यासाठी मुलाच्या जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे किमान अठरा-वीस वर्षांच्या वयापर्यंत, थांबावे लागते. म्हणूनच त्या क्षणी जवळ असलेल्या माणसाने, मग ती आई असो, आजोबा असोत किंवा शाळेतले क्रीडाशिक्षक असोत, पहिल्या अर्ध्या तासात काय केले यावर दाताचे भवितव्य पुष्कळसे ठरते. दंतवैद्य कितीही कुशल असला तरी गेलेला अर्धा तास त्याला परत आणता येत नाही.

अशा दुखापती दोन वयांत अधिक होतात. पहिले वय चालायला, पळायला शिकण्याचे, म्हणजे साधारण एक ते चार वर्षांचे. दुसरे आठ ते बारा वर्षांचे, जेव्हा समोरचे पक्के दात नुकते आलेले असतात आणि सायकल, मैदान, शाळेचा जिना हे सगळे एकाच वेळी आयुष्यात येते. मार बसतो तो बहुतेक वेळा वरच्या जबड्यातल्या मधल्या दोन दातांना.

आधी मूल, मग दात

दात हातात घेण्यापूर्वी मुलाकडे नीट पाहावे. मूल क्षणभर जरी बेशुद्ध झाले असेल, वारंवार उलट्या करत असेल, नेहमीपेक्षा सुस्त किंवा गोंधळलेले वाटत असेल, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा पातळ द्रव येत असेल, तर दाताचा विचार बाजूला ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात जावे. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. हनुवटीवर आपटलेल्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आवर्जून तपासावी: त्याला तोंड उघडून पुन्हा मिटायला सांगावे आणि दातांवर दात पूर्वीसारखे बसतात का ते विचारावे. हनुवटीवरचा मार जबड्याच्या हाडातून थेट कानापुढच्या सांध्यापर्यंत पोहोचतो, त्यामुळे हनुवटीला फक्त खरचटलेले दिसत असले तरी तिथले हाड मोडलेले असू शकते. जबडा एका बाजूला सरकत असेल किंवा तोंड उघडताना कानाजवळ दुखत असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय राहू नये.

हे काही नसेल तर मुलाला बसवावे, पुढे झुकवावे आणि तोंडातले रक्त थुंकू द्यावे. आडवे झोपवल्यास रक्त घशात उतरते, मूल ते गिळते आणि नंतर होणाऱ्या उलटीने सगळेच घाबरतात. स्वच्छ सुती कापड किंवा गॉज जखमेवर धरून सलग दहा मिनिटे दाबावे. दर मिनिटाला कापड उचलून पाहिले की धरलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होते. वरचा ओठ आणि हिरडी यांना जोडणारा मधला पातळ पडदा लहान मुलांत पडल्यावर हमखास फाटतो. त्यातून रक्त भळाभळा येते, पण बहुधा टाके न घालता तो भरून येतो, फक्त ओठ उचलून पुन्हा पुन्हा पाहायचा मोह टाळावा. बाहेरून बर्फ लावायचा तो कपड्यात गुंडाळून, थोड्या थोड्या वेळाने. हळद, तुरटी, कॉफीची पूड, मिश्री यांपैकी काहीही जखमेत भरू नये. ते सगळे नंतर दंतवैद्याला धुऊन काढावे लागते आणि तोवर जखम आत दूषित झालेली असते.

तोंड मोजकेच धुतल्यावर दात मोजावेत. एखादा दात किंवा तुकडा सापडत नसेल तर तो जमिनीवर, कपड्यांत, ओठाच्या आत शोधावा. दुखापतीनंतर मूल सारखे खोकत असेल किंवा त्याच्या श्वासाला घरघर येत असेल, तर तो श्वासनलिकेत गेला असण्याची शक्यता धरून ताबडतोब रुग्णालय गाठावे. ओठ फाटला आहे आणि दाताचा तुकडा मिळत नाही, असे असेल तेव्हा ओठाचाही एक्स-रे काढायला सांगावे, कारण तो तुकडा पुष्कळदा ओठाच्या मांसात रुतून बसलेला असतो.

दुधाचा दात की पक्का?

पुढचे सगळे या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. सहा वर्षांखालच्या मुलाचा समोरचा दात जवळजवळ नेहमी दुधाचा असतो. खालचे मधले पक्के दात सहाव्या-सातव्या वर्षी येतात आणि वरचे मधले सातव्या-आठव्या वर्षी, त्यामुळे या दोन वर्षांत संभ्रम होतो. दुधाचा दात लहान, पांढराशुभ्र आणि जरा गोलसर असतो. वरचा मधला दुधाचा दात मुळासकट सुमारे १६ मिमी लांब भरतो. पक्का दात रुंद आणि किंचित पिवळसर असतो, नवा असेल तर त्याची धार करवतीसारखी दातेरी असते, आणि त्याची पूर्ण वाढलेली लांबी सुमारे २३ मिमी असते. मूळ दिसते म्हणून दात पक्का, असे समजू नये. वेळेवर पडणाऱ्या दुधाच्या दाताचे मूळ आधीच विरघळलेले असते, पण तीन वर्षांच्या मुलाचा दात आपटून निघाला तर तो लांब मुळासकट बाहेर येतो. शंका असेल तर दात दुधात ठेवून लगेच दंतवैद्याकडे जावे किंवा दाताचा आणि तोंडाचा फोटो फोनवर पाठवून विचारावे.

पक्का दात मुळासकट बाहेर आला तर

दातांच्या दुखापतींतली खरी तातडी ही. दाताच्या मुळावर एक नाजूक पातळ आवरण असते आणि त्यातल्या जिवंत पेशीच दाताला हाडाशी पुन्हा जोडू शकतात. लावणीसाठी उपटलेले भाताचे रोप उन्हात पडून राहिले की मुळे सुकतात आणि मग ते चिखलात रोवले तरी जीव धरत नाही, तसेच या पेशींचे आहे. दात पंधरा मिनिटांच्या आत जागेवर गेला तर त्या बहुतांशी जगतात. कोरडा राहिल्यास अर्ध्या तासानंतर बहुतेक मरतात आणि तासाभरानंतर जवळजवळ कोणतीच जगत नाही. कागदात, रुमालात, खिशात जपून आणलेला दात म्हणूनच दवाखान्यात पोहोचेपर्यंत निकामी झालेला असतो.

दात उचलताना तो वरच्या पांढऱ्या भागाला धरावा, मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने, दोन्ही नसल्यास नळाच्या थंड पाण्याच्या बारीक धारेखाली, दहाएक सेकंद धुवावा. बेसिनवर धुताना खाली मग किंवा वाटी धरावी, कारण ओला दात बोटांतून निसटतो आणि जाळी नसेल तर सरळ नळीत जातो. मूळ चोळू नये, ब्रशने घासू नये, साबण, डेटॉल किंवा मीठ लावू नये. मुळाला चिकटलेले लालसर तंतू घाण वाटले तरी तेच वाचवायचे आहेत.

मूल शुद्धीवर असेल, शांत बसत असेल, तर दात तिथेच जागेवर बसवणे हा सर्वांत चांगला उपाय आहे. हे वाचताना अशक्य वाटते, पण दाताची रिकामी खोबण ताजी असते आणि दात तिच्यात बहुधा सहज सरकतो. शेजारच्या दाताकडे पाहून फुगीर बाजू ओठाकडे आणि खोलगट बाजू जिभेकडे येईल असा दात धरावा, मूळ खोबणीत टेकवावे आणि अंगठ्याने हळूहळू, सारख्या दाबाने वर सरकवावा. शेजारच्या दाताच्या पातळीला आला की स्वच्छ रुमालाची घडी मुलाला त्यावर हलकेच चावून धरायला सांगावी आणि तसेच दवाखान्याकडे निघावे. थोडा तिरका बसला तरी चिंता नको, दंतवैद्य तो सरळ करतात. मात्र मुलाला गंभीर हृदयविकार असेल किंवा त्याची प्रतिकारशक्ती आजारामुळे वा औषधांमुळे फार कमी झालेली असेल, तर स्वतः दात बसवू नये. तो दुधात ठेवून डॉक्टरांवर निर्णय सोपवावा.

धीर होत नसेल, किंवा मूल हात लावू देत नसेल, तर दात थंड दुधात बुडवावा. पिशवीतले साधे दूध चालते. ते गरम नसावे, त्यात साखर, हळद किंवा चॉकलेटची पूड नसावी. ताक आणि दही आंबट असल्यामुळे वर्ज्य. दूध नसेल तर मुलाची लाळ वाटीत घेऊन तिच्यात दात ठेवावा, किंवा सलाइनमध्ये, किंवा थोड्या लाळेसह स्वच्छ प्लास्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळावा. साधे पाणी या पेशींना मानवत नाही, पण कोरड्यापेक्षा तेही बरे. दात मुलाच्या गालात ठेवायचा सल्ला कधी कधी दिला जातो. रडणारे मूल तो गिळू शकते, तेव्हा लहान मुलांच्या बाबतीत तसे करू नये.

उशीर झाला, दात दोन तास कोरडा राहिला, तरी तो फेकून देऊ नये. असा दात परत बसवल्यावर हाडाला घट्ट चिकटून बसतो, कालांतराने त्याचे मूळ झिजते आणि वाढत्या मुलात तो शेजारच्या दातांच्या मानाने खाली राहिल्यासारखा दिसू लागतो, हे खरे आहे. पण तेवढी वर्षे तो जागा धरून ठेवतो आणि तिथले हाड टिकवतो, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

दाताचा तुकडा पडला तर

समोरच्या दाताचा कोपरा तुटणे ही पक्क्या दातांची सर्वांत नेहमीची दुखापत. तुकडा सापडला तर तो पाण्यात किंवा दुधात ठेवून सोबत न्यावा. बऱ्याचदा तोच जागेवर चिकटवता येतो, आणि आपलाच तुकडा असल्यामुळे रंगाचा प्रश्न उरत नाही. कोरडा राहिलेला तुकडा चिकटवण्यापूर्वी सुमारे वीस मिनिटे पाण्यात भिजवतात.

तुटलेल्या जागी फक्त पांढरा थर उडाला असेल, काही झोंबत नसेल, तर घाई नाही. एक-दोन दिवसांत दाखवले तरी चालते. आत पिवळसर भाग दिसत असेल आणि गार हवा लागली तरी सणक येत असेल, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तो भाग झाकून घ्यावा. मधोमध लाल किंवा गुलाबी ठिपका दिसत असेल तर दाताची नस उघडी पडली आहे. अशा वेळी लगेच जावे, पण रूट कॅनालच करावे लागणार असे गृहीत धरू नये. वरच्या मधल्या दाताचे मूळ साधारण दहाव्या वर्षापर्यंत पूर्ण होते. तोवर नस जिवंत ठेवणे फार मोलाचे असते, कारण तीच मुळाची लांबी आणि भिंतींची जाडी वाढवते. नसेचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग काढून वर औषधी सिमेंट बसवायची पद्धत स्वीडनमध्ये मिओमिर क्वेक यांनी १९७८ मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला थेट रूट कॅनाल सुचवले गेले, तर नस वाचवता येईल का, हे पालकांनी नि:संकोच विचारावे. त्यासाठी बालदंतरोगतज्ज्ञाचे दुसरे मत घेणे गैर नाही.

दात हलला, सरकला किंवा आत गेला तर

दात जागेवर आहे, पण हलतो आहे आणि हिरडीच्या कडेला रक्ताची रेघ दिसते, तर त्याला हात लावून हलवून पाहण्याचे थांबवावे आणि त्या दिवशी दाखवावे. पक्का दात पुढे-मागे सरकला असेल किंवा खाली लोंबत असेल, तर तो काही तासांत मूळ जागी आणावा लागतो, कारण दोन-तीन दिवसांनी खोबणीतली गुठळी घट्ट होऊ लागते. दात हिरडीत आत घुसून आखूड दिसणे ही सर्वांत वाईट सरकण. तुटला असे समजून पालक निश्चिंत राहतात आणि मोलाचा वेळ जातो. हाडाचा तुकडाच मोडला असेल तर दोन-तीन दात एकत्र हलतात. त्या स्थितीत थेट रुग्णालयच गाठावे.

दुधाच्या दातांचे नियम वेगळे

मुळासकट निघालेला दुधाचा दात कधीही परत बसवू नये. त्याच्या मुळाच्या अगदी मागे पक्क्या दाताचा कोंब तयार होत असतो आणि जोराने आत ढकललेले मूळ त्या कोंबाला इजा करते. दात मात्र जपून न्यावा, म्हणजे तो पूर्ण बाहेर आला की मूळ आत मोडून राहिले, हे कळते. कौलावर किंवा उंदराच्या बिळाशी टाकायची रीत ज्या घरात असेल, तिथे ती तपासणीनंतर करावी.

आत घुसलेला किंवा थोडा सरकलेला दुधाचा दात बहुतेक वेळा तसाच सोडतात आणि तो सहा महिने ते वर्षभरात आपोआप खाली येतो. खालचे दात त्यावर अडत असतील, तोंड मिटत नसेल, तर मात्र तो सरळ करावा किंवा काढावा लागतो. काही आठवड्यांनी दात करडा पडला की पालक फार घाबरतात. नुसत्या रंगबदलाला उपचार लागत नाहीत. हिरडीवर पुटकुळी आली, पू आला, सूज आली किंवा दात पुन्हा हलू लागला तर लागतात. नंतर येणाऱ्या पक्क्या दातावर पांढरा किंवा तपकिरी डाग असू शकतो, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

इथे एक अवघड गोष्ट सांगणे भाग आहे. जे बाळ अजून रांगतही नाही, त्याच्या ओठाचा आतला पडदा फाटलेला किंवा तोंडात जखम आढळली आणि कोणालाच तिचे कारण सांगता येत नसेल, तर बाळ कोणाकडे होते आणि काय घडले याची चौकशी व्हायला हवी. बालरोगतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोलावे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ क्रमांकावर आहे.

दवाखान्यात आणि त्यानंतर

कुठे, केव्हा आणि कसे लागले, मूल बेशुद्ध झाले होते का, दात किती वेळ बाहेर आणि कशात होता, धनुर्वाताची लस केव्हा घेतली, एवढी माहिती सांगता आली तर डॉक्टरांचे काम सोपे होते. लसीकरणाचे कार्ड किंवा त्याचा फोटो सोबत असावा. रात्री किंवा सुटीच्या दिवशी जवळचा दंतवैद्य मिळत नसेल तर दंत महाविद्यालयांची रुग्णालये आठवावीत: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईचे नायर दंत रुग्णालय, गोव्यात बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय. त्या वेळी तिथे कोण उपलब्ध आहे, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावे.

परत बसवलेला दात शेजारच्या दातांना बारीक, लवचीक तारेने बांधतात. त्यासाठी मासेमारीचा नायलॉनचा धागाही वापरला जातो. बांधणी मुद्दामच थोडी हलू देणारी असते आणि साधारण दोन आठवड्यांनी काढतात. मूळ मधोमध मोडले असेल तर चार आठवडे ठेवतात. मूळ पूर्ण वाढलेल्या दाताचे रूट कॅनाल दोन आठवड्यांच्या आत सुरू करावे लागते. दुखत नाही म्हणून ते पुढे ढकलू नये, कारण मेलेली नस कुजू लागली की मूळ वेदना न होता आतून झिजत जाते.

घरी दोन आठवडे मऊ जेवण द्यावे: मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी, उपमा, केळे. चकली, ऊस, पेरूची फोड दाताने तोडणे या काळात नको. ब्रश बंद करू नये. दुखऱ्या जागी मऊ ब्रशने हलकेच घासावे आणि दंतवैद्यांनी सांगितल्यास क्लोरहेक्सिडिनचे औषध कापसाच्या बोळ्याने दिवसातून दोनदा लावावे. वेदनेसाठी पॅरासिटामॉल मुलाच्या वजनानुसार विचारून द्यावे. ॲस्पिरिन मुलांना देऊच नये. बाळाची चोखणी आणि बाटली काही दिवस बाजूला ठेवता आली तर फार चांगले.

यानंतरच्या तपासण्या बहुतेक घरांत चुकतात. बसवलेल्या पक्क्या दाताची तपासणी दोन आणि चार आठवड्यांनी, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, आणि पुढे किमान पाच वर्षे दरवर्षी करायची असते. दिसायला चांगला असलेला दात दुसऱ्या वर्षी एक्स-रेमध्ये झिजलेला आढळतो. पहिला एक्स-रे आणि कागद जपून ठेवावेत, गाव किंवा शहर बदलले तरी ते नव्या दंतवैद्याला दाखवता येतात.

टाळता येण्यासारखे पुष्कळ आहे

चाकांच्या वॉकरने मूल लवकर चालायला लागते हा समज चुकीचा आहे आणि जिन्यावरून त्यासकट कोसळण्याचा धोका खरा आहे. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. मोरी आणि न्हाणीघरातली निसरडी फरशी, टीपॉयचा धारदार कोपरा, फरशीवर सरकणारे पायपुसणे, तोंडात ब्रश किंवा पेन्सिल धरून पळणे, या घरातल्या नेहमीच्या जागा. गावात हापशाचे दांडके सुटून हनुवटीवर बसते, आणि झोक्याची लाकडी फळी मागून धावत येणाऱ्या मुलाच्या नेमकी तोंडावर येते. हापशावर लहान मुलाला एकटे पाठवू नये आणि झोक्याची फळी शक्य तिथे रबराची असावी.

स्कूटरवर मुलाला पुढे उभे करण्याची सवय सोडायला हवी. अचानक ब्रेक लागला की त्याचे तोंड थेट हँडलवर किंवा मीटरवर आदळते. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा सक्तीचा करणारा, वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत मर्यादित ठेवणारा केंद्राचा नियम २०२२ मध्ये आला आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. तो कागदावरच राहिल्याचे रोज रस्त्यात दिसते.

पुढे आलेले दात हे आणखी एक कारण. वरचे दात खालच्यांपेक्षा ३ मिमीहून अधिक पुढे असतील तर दुखापतीचा धोका साधारण दुप्पट असतो, आणि ओठ मिटल्यावर दात झाकले जात नसतील तर मार झेलायला मध्ये काहीच उरत नाही. अशा मुलाला सातव्या-आठव्या वर्षीच दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवावे. सगळे पक्के दात येईपर्यंत थांबा, हे नेहमी ऐकू येणारे वाक्य त्याच्या बाबतीत योग्य ठरेलच असे नाही.

खेळासाठी माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचे मऊ कवच, वापरावा. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग, हॉकी, स्केटिंग यांत तो असावाच. दंतवैद्याकडून मापाने करून घेतलेला सर्वांत चांगला. तो नीट बसतो, श्वास अडत नाही आणि चढाई करताना कबड्डीचा उच्चारही करता येतो. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा दुकानातला माउथगार्ड परवडणारा आणि बऱ्यापैकी उपयोगी आहे. दात बदलण्याच्या वयात तो काही महिन्यांत घट्ट होतो, तेव्हा हंगामागणिक तपासावा. तारा लावलेल्या मुलासाठी दंतवैद्याला विचारूनच घ्यावा. सीझन बॉलने खेळताना फलंदाज आणि यष्टीजवळचा यष्टिरक्षक यांना जाळीचे हेल्मेट हवेच. दहीहंडीच्या थरांत चौदा वर्षांखालच्या मुलांना चढवायचे नाही, असे राज्य सरकारने २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सांगितले आहे. गोविंदा पथकांनी सरावातही ते पाळावे.

शाळेच्या प्रथमोपचार पेटीत गॉजच्या घड्या, सलाइनची छोटी बाटली, हातमोजे, झाकण घट्ट बसणारी लहान डबी आणि स्वच्छ प्लास्टिकचा पातळ कागद असावा. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जवळच्या दोन दंतवैद्यांचे क्रमांक, त्यांच्या वेळा आणि दूध कुठे मिळेल ते ठिकाण, मग ते शाळेचे उपाहारगृह असो की कोपऱ्यावरची डेअरी, मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावे. पेटीची किल्ली ज्या कार्यालयात असते ते मधल्या सुटीत आणि संध्याकाळच्या सरावाच्या वेळी बंद असेल, तर दुसरी पेटी क्रीडाशिक्षकांच्या पिशवीत ठेवावी.